उन्हाची सवय

एक उत्तरपत्रिका मी दोनदा वाचली आणि तिसऱ्यांदा टेबलावर आपटली. प्रश्न साधा होता : हीट शॉक प्रोटीन्स म्हणजे काय ते सांगून त्यांचं पेशीतलं काम लिहा. आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटची कॉलेजची पोरं हिंदीत लिहितात. या पोराने पाऊण पान बरं लिहिलं होतं, आकृतीही नेटकी काढली होती आणि शेवटी, खटल्याचा निकाल लावावा तसं, एक वाक्य : 'इस प्रकार कोशिका को गर्मी की आदत हो जाती है.' आदत! सवय! लाल पेन मी इतक्या जोरात ओढलं की कागद फाटला आणि खालच्या दोन पानांवर वळ उठला. बिचाऱ्याचा दोष एवढाच की त्याचं हे वाक्य नेमकं नवतप्यात माझ्या हाती आलं.

नवतपा म्हणजे मे संपता संपता येणारे ते नऊ दिवस. आमच्याकडे जो तो म्हणतो, तपू द्या, जितका तपेल तितका पाऊस चांगला. बोलायला काय जातं! हे म्हणणारे कूलरसमोर मांडी घालून म्हणतात. अकरा वाजले की सगळ्या गावाची दारं लागतात, रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. घराघरातून चुलीत कैरी भाजल्याचा वास येतो. बाहेर जाणाऱ्याच्या खिशात आई कांदा कोंबते, आणि होळीला पळसाच्या फुलांच्या पाण्याने आंघोळ केली होती ना, मग नाही लागायचं ऊन, असा धीर देते. मलाही हे सगळं लहानपणी फार आवडायचं. आता नवतपा लागला की माझं डोकं फिरतं आणि घरातले माझ्या वाटेला जात नाहीत.

पलीकडच्या खोलीत काका झोपले आहेत. आता थकलेत. त्यांचा मुलगा रायपूरला, त्याच्या घरी जागा नाही म्हणे, म्हणून उन्हाळ्यात ते आमच्याकडे असतात. कूलर त्यांच्या खोलीत आहे. त्याची घरघर इथवर येते आणि वाळ्याचा ओला वास दाराच्या फटीतून येतो. मी इकडे पंख्याखाली घामाघूम होऊन पेपर तपासते. काकांवर माझा जीव आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तसं वाटणार नाही.

ही गोष्ट सात वर्षांपूर्वीची. मी नागपूरला एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि त्या वर्षी पेपर पुढे ढकलले गेले. मी वह्या घेऊन घरी आले तर घरात आतेबहिणीचं लग्न. मांडव, पाहुणे, लाउडस्पीकर. काका म्हणाले, "चाल माह्यासंगं लांजीकडे. जंगलात शांत वाटते. अभ्यासबी होईन, हवाबी बदलन." काकांकडे तेव्हा लांजीच्या पुढच्या जंगलातला तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, एक फड होता. फड म्हणजे मोकळं माळरान. पहाटे जंगलात जाऊन तोडलेली पानं बाया घरी नेतात, पन्नास-पन्नास पानांच्या गड्ड्या बांधतात आणि फडावर आणून देतात. मग त्या गड्ड्या रांगेने उन्हात मांडायच्या, वाळल्या की पलटायच्या आणि पोत्यात भरायच्या आधी त्यांच्यावर पाणी शिंपडायचं. कोरडं पान भरताना तुटतं, भिजलं की नरम पडतं. त्यासाठी पाण्याचा टँकर येतो. हा टँकर ध्यानात ठेवा.

फडावर तात्पुरती एक झोपडी होती, कुडाची. तिच्यात काकांची खाट, हिशेब ठेवणाऱ्या मुंशीची पेटी, एक माठ आणि माझ्या वह्या. मी तिथे बसून घोकायचे. आणि खरं सांगते, हीट शॉक प्रोटीन्सचा हा विषय माझ्या डोक्यात भरला होता. आधी हे प्रकरण सापडलंच कसं, तर चुकून. एका प्रयोगशाळेत फळमाश्यांच्या पेशी उबवायच्या पेटीचं तापमान कुणीतरी नकळत वाढवून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी पाहतात तो गुणसूत्रांवर नवेच फुगवटे. पेशी काहीतरी नवं बनवत होती. पुढे कळलं की हे एकट्या माशीचं नाही. जिवाणू, भात, कुत्रं, माणूस, सगळ्यांच्या पेशी ताप चढला की हेच करतात. प्रोटीन म्हणजे एक लांब धागा. तो ठरल्या रीतीने दुमडला गेला तरच कामाचा. ताप वाढला की घड्या उसवतात, उसवलेले धागे एकमेकांत अडकून गोळा होतात, आणि एकदा अंडं उकडलं की ते पुन्हा कच्चं होत नाही. म्हणून पेशी बाकीची कामं बाजूला सारून ही राखणदार प्रोटीन्स भराभर बनवायला घेते. ती उसवलेल्या धाग्याला धरून ठेवतात, शेजारच्याला चिकटू देत नाहीत, पुन्हा घडी घालून देतात. घडी बसतच नसेल तर त्याला मोडीत पाठवतात.

मला हे वाचताना सुकवाराबाईचे हात आठवायचे. फडावर कामाला असलेल्या आठ-दहा बायांमधली ती सगळ्यात मोठी, चाळिशीची असेल. गड्डी पलटताना एखादी सुटली की ती उकिडवी बसायची, पानं मांडीवर घ्यायची, एक उलटं एक सुलटं लावायची, मुडपलेलं पान अंगठ्याने सरळ करायची, किडकं बाजूला काढायची आणि सालीच्या दोरीने गाठ मारायची. हे सगळं बोलता बोलता. मी मोजायला गेले तर माझे आकडे मागे राहायचे. मी तिला म्हटलंसुद्धा, "बाई, तुमच्यासारखंच काम करणारं एक प्रोटीन असते अंगात." ती हसली. "मंग त्याले काय देता खायला?"

दोन दिवसांनी ती झोपडीच्या दाराशी आली. आत नाही आली, चौकटीला हात लावून उभी राहिली. "बेबीबाई, काकाजीले सांगून पाहा ना. पलटाई सकाळीच करून घेऊ म्हणा. नाहीतं एक मांडो टाकून द्या, दोन रांजण पाणी ठेवा. मधात मधात बसू थोडं. आमचं आयकत नाहीत, तुमचं आयकतीन." मी म्हटलं, "हौ, सांगतो ना." मोठ्या ऐटीत म्हटलं. कुणीतरी आपल्याला शिकलेली समजून काही सांगतंय याचंच मला कौतुक.

संध्याकाळी काकांजवळ विषय काढला. काकांनी ऐकून घेतलं. "अवं, दुपारी पलटलं का दुसरी बाजू एका दिवसात कडक होते. पावसाचा काही भरोसा आहे काय? एक सर आली का सारा फड काळा. अन् या बायायले काय होते? लहानपणापासून जंगलात राह्यतेत, सवय असते." इथे मी काय करायला हवं होतं? सांगायला हवं होतं की काका, एक मांडव टाका. पण माझ्या जिभेवर चार दिवसांची पोपटपंची. मी म्हणाले, "काका, तुम्ही म्हणता त्याले सायन्समधेबी आधार आहे बरं का." आणि मी व्याख्यान दिलं. पेशींना आधी थोडा ताप दिला की त्या राखणदार प्रोटीन्स बनवतात, मग मोठा ताप दिला तरी त्या तगतात, आणि ज्यांना आधीचा ताप दिलेला नसतो त्या मरतात. सगळं खरं. पुस्तकात छापलेलं.

काकांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "म्हंजे मी काय म्हणून राह्यलो होतो! ऐकलं का मुंशीजी? यायच्या अंगातच असते ते. आमची बेबी एमएस्सी करून राह्यली नागपुरात, ते सांगते." मुंशी मान हलवून म्हणाला, "वा!" आणि मी हसले. मेली ती हसायची सवय! दुसऱ्या दिवशी सुकवाराबाईने लांबूनच हाताने विचारलं, काय झालं? मी नुसती मान हलवली आणि वहीत डोकं घातलं. त्या दिवसापासून कुणी काही बोललं की काका म्हणायचे, प्रोटीन असते प्रोटीन, आणि बाया न समजून हसायच्या.

आता ऐका, मी काय गिळलं ते. मुद्दाम नाही हो, पण गिळलं. त्या प्रयोगात दोन तापांच्या मध्ये एक ओळ आहे. थोडा ताप दिल्यावर पेशींना परत नेहमीच्या गारव्यात ठेवतात, काही तास. त्या तासांत ते प्रोटीन साचतं. पुढचा ताप पेशी सोसते ती त्या उसंतीच्या जोरावर. शिवाय ही शिदोरी थोड्या दिवसांची, मग संपते. आणि तिलाही हद्द आहे, हद्दीपलीकडे राखणदारही मरतो. माणूस तर नुसती पेशी नाही. त्याला घाम यावा लागतो, घामाला पाणी लागतं. माणसाचं अंग उन्हाला थोडं सरावतं, हे खोटं नाही. पण सरावायला जे लागतं, तेच तर सुकवाराबाई मागत होती : मधात मधात बसू थोडं, दोन रांजण पाणी. ती अडाणी बाई प्रयोगाची मधली ओळ सांगत होती आणि मी, वही मांडीवर घेऊन बसलेली, तिला हौ हौ म्हणत होते.

नवतप्याचा तिसरा की चौथा दिवस असेल. दुपारचे दोन. हवा पाचोळ्यासारखी वाजत होती. सुकवाराबाई रांगेत पलटाई करत होती ती मध्येच बसली. बायांना वाटलं गड्डी सुटली. ती हाताने गाठ मारत होती, पण हातात काही नव्हतं. नुसती हवेची गड्डी. बाजूची म्हणाली, "काय करून राह्यली व?" तर ती म्हणाली, बैल आले काय माहेरचे? आणि आडवी झाली. आम्ही तिला ओढत मोहाच्या झाडाखाली नेलं. अंगाला हात लावला तर तवा. घामाचा टिपूस नाही.

टँकर तेवढ्यातच आला होता. नळ सोडायच्या आधीच गळत होता, खाली चिखल झाला होता. एक पोरगेली बाई पळत गेली, गुंड भरून आणला, आता ओतणार तोच मुंशी ओरडला, "नोको टाकू! तापल्या अंगावर पाणी टाकतेत काय? सर्दगर्म होऊन मरन ते!" काकाही म्हणाले, "हौ, पाणी नोको." आणि त्या बाईचा हात थांबला. सर्दगर्म! आमच्याकडे हे मुलांना दुधाबरोबर पाजतात. उन्हातून आलास, पाणी पिऊ नको. अंग तापलंय, डोक्यावरून पाणी घेऊ नको. माझ्या आईने मला हजारदा सांगितलेलं. मी तिथेच होते. अंडं कसं शिजतं, प्रोटीन किती तापाला उसवतं, हे सगळं मला पाठ होतं. एक शब्द बोलायचा होता, ओत. मी नाही बोलले. माझ्या आतून आईचाच आवाज आला की खरंच सर्दगर्म झालं तर?

मग तळपायांना कांदा चोळला. भाजलेल्या कैरीचा गर कपाळाला लावला. काकांची जीप गावात गेली होती, ती यायला तास लागला. आणि त्या तासात, मी डोळ्यांनी पाहिलंय, मुंशीने टँकर रिकामा करून घेतला, कारण टँकरला दुसऱ्या फडावर जायचं होतं. माणसं ओळीने फिरली आणि त्यांनी पानांवर पाणी शिंपडलं. गड्ड्यांमधून वाफ निघाली. ओल्या पानांचा वास सुटला. दहा हातांवर बाई भाजून निघत होती आणि पानं नरम पडत होती.

लांजीच्या दवाखान्यात एक सिस्टर होती. तिने हात लावला मात्र, सपासप पातळ कापलं, ओल्या चादरी टाकल्या, पोराला बर्फ आणायला पिटाळलं. हात चालवता चालवता तिने एवढंच विचारलं, "तिथं पाणी नव्हतं का?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे. ती पुढची चादर भिजवायला वळली.

सुकवाराबाई वाचली. बालाघाटला आणली, पंधरा-वीस दिवस ठेवली. घरी गेली तेव्हा तिची जीभ जड झालेली होती आणि हात कापत होते. चालताना पाय रुंद टाकायची, पहिल्यांदा चालणाऱ्या लेकरासारखी. मेंदूच्या मागच्या भागात तोल सांभाळणाऱ्या पेशी असतात, त्या तापाला सगळ्यात आधी बळी पडतात. त्यांच्यातलं प्रोटीन उसवलं, गोळा झालं आणि राखणदार पुरे पडले नाहीत. डॉक्टर म्हणाले, आता एवढंच राहील. काकांनी औषधपाण्यात काही कमी केलं नाही, हे सांगायला हवं. पण घरी आले, हातपाय धुतले, जेवायला बसले आणि आईला म्हणाले, "वाचली बिचारी. सवय होती म्हणून वाचली. तुह्यामाह्यासारखं माणूस जाग्यावर गेलं असतं." मी ताटावरून उठले. आई म्हणाली, काहून व, काय झालं? मी म्हटलं, पोट दुखते.

आणि पुढचं ऐका. दोन आठवड्यांनी माझा पेपर झाला. त्यात हाच प्रश्न. मी लिहिलं, बिनचूक लिहिलं. दोन तापांच्या मधली विश्रांतीची ओळ तर खाली रेघ मारून लिहिली. पहिला वर्ग. घरी पेढे वाटले. एक पेढा काकांनी स्वतः माझ्या तोंडात घातला आणि मी तो गिळला. थू माझ्या त्या पहिल्या वर्गावर.

तेव्हापासून मी हाच धडा शिकवते. मुलांना सांगते की ही प्रोटीन्स फक्त उन्हाची नाहीत. विष, हवेची टंचाई, जखम, ताप, कशानेही पेशी घेरली की ती बाहेर पडतात. म्हातारपणी ती कमी पडायला लागतात, मग मेंदूत गोळे साचतात, माणसाला स्वतःचं घर आठवत नाही, हात थांबत नाहीत. आणि ती भलीबुरी ओळखत नाहीत. कॅन्सरची पेशीही त्यांच्याच आधाराने तगते, औषध तिला मारायला येतं आणि ही तिला सावरून धरतात. हे सांगताना माझा आवाज चढतो. पोरं चपापतात. त्यांना वाटतं मॅडमला कॅन्सरचा राग आला. मला तर काकांचाच चेहरा दिसतो, खुललेला, आणि माझा त्याच्या बाजूला.

तीन वर्षं हिय्या झाला नाही. चौथ्या वर्षी मी लांजीच्या बसमध्ये बसले आणि सुकवाराबाईच्या गावी गेले. ती ओट्यावर बसली होती. मला ओळखलं. सून मोहाची टोरं, तेलाच्या बिया, फोडत होती, तिने पाणी आणून दिलं. मी सगळं सांगितलं. काकांना मी काय बोलले, मुंशी काय म्हणाला, मी कशी हसले, टँकर, सगळं. रडत नव्हते, संतापाने माझे दात वाजत होते. ती ऐकत राहिली. मांडीवरचे हात आपले हलतच होते. मग एकेक शब्द ओढत म्हणाली, "सवय कोणाले होते बाई? मले तं... लहानपणापासून... उनाचं भेव. नवतपा आला का... पोटात गोळा ये." दम घेतला. "पण इचारलं कोणी?"

मी परत येताना बसमध्ये खिडकीची गरम सळई हाताने धरून बसले होते. चटका बसत होता, पण सोडावीशी वाटली नाही. सवय हा शब्द आपण कोणासाठी वापरतो ते तेव्हापासून मी पाहते आहे. कुणी म्हणतं, भांडीवालीला गार पाण्याची सवय असते, हमालाला ओझ्याची सवय असते. स्वतःसाठी एकदाही नाही. स्वतःला तर लगेच सहन होत नाही.

एवढं लिहिते आहे तोच लाइन गेली. पलीकडचा कूलर घरघरत बंद पडला. दुपारचे दोन. आता चार-पाच तास तरी यायची नाही, हे आपल्या मध्य प्रदेशात शेंबड्या पोरालाही माहीत. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मग काकांची हाक आली.

"बेबी, अवं बेबी. काय करून राह्यली? जीव घाबरून राह्यला माहा. यंदाचं ऊन सहनच होत नाही."

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. सात वर्षांचं साठवलेलं. होईल सवय, काका. प्रोटीन असते अंगात. ते म्हणायलाच मी उठले. दारात उभी राहिले. काका खाटेवर बसले होते, बंडी काढलेली, छातीच्या फासळ्या वरखाली होत होत्या, तोंड लालबुंद. मी कपाळाला हात लावला. तापलं होतं. कोरडं.

मी तशीच न्हाणीत गेले. बादली भरून आणली. त्यांना हाताला धरून खाली फरशीवर बसवलं आणि पहिला तांब्या डोक्यावर ओतला. ते दचकले, दोन्ही हात वर केले. "अवं, काय करून राह्यली! तापल्या अंगावर पाणी! सर्दगर्म होईन ना व!"

"होऊ द्या," मी म्हटलं आणि दुसरा तांब्या ओतला.